साडेअकरा सेंटिमीटर

ब्रेकच्या दांड्याची लाल मूठ आणि गोदाच्या उजव्या हाताचं मधलं बोट यांच्यात साडेअकरा सेंटिमीटरचं अंतर होतं. तिने ते पट्टीने मोजलेलं नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाच वर्षं ब्युरेटच्या काचनळीवरचे आकडे वाचून नजर तयार झाली होती, आणि तिचा अंदाज अर्ध्या सेंटिमीटरच्या वर चुकत नसे. सकाळी आरटीओच्या मैदानावर चुन्याची रेघ जवळ येत होती, तिने हात लांबवला, आणि बोट व मूठ यांच्यामध्ये तेवढी हवा उरली. आणखी पुढे वाकायचं तर डावा हात हँडलवरून काढून सीटला धरावा लागला असता. उजवी मांडी शरीराचा तोल घेत नव्हती. वयाच्या तिसऱ्या वर्षी पोलिओचा ताप उतरला, त्या आठवड्यापासून घेत नव्हती.

तिने पुढचा ब्रेक दाबला. तीन चाकांची गाडी रेघेपलीकडे जाऊन थांबली.

"मागचा लावा, बाई," निरीक्षक म्हणाले. "नुसत्या पुढच्या ब्रेकवर वळणात गाडी कलंडेल. पुन्हा या."

ती पुन्हा आली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला तिचा धाकटा भाऊ रामकिसन कडेच्या लिंबाखालून धावत मैदानात आला.

"साहेब, मी दाखवतो लावून. माझा हात बरोबर बसतो."

"अर्ज कोणाचा आहे?"

"ताईचा."

"मग तुमचा हात बसून काय करू?"

निरीक्षकांनी कागदावर लिहिलं : अर्जदारास मागील ब्रेक हाताळता येत नाही. दुरुस्ती करून तीस तारखेच्या आत वाहन पुन्हा सादर करावे. लिहून झाल्यावर ते गाडीच्या मागे उकिडवे बसले, चेन कुठून कुठे जाते ते त्यांनी बोटाने पाहिलं आणि तिच्या वडिलांकडे, बद्रीनाथकडे वळले. "काम फार सुबक आहे हो. पण जिच्यासाठी केलं तिला चालवता आलं पाहिजे."

गाडी टेम्पोत चढवली गेली. गोदा ड्रायव्हरशेजारी बसली. लोखंडी कॅलिपर लावलेला पाय पुढे ताठ ठेवून, रोशन गेटपर्यंत ती मांडीवरचा तो कागद वाचत राहिली. माझा हात बरोबर बसतो, असं रामकिसन म्हणाला होता. त्यात फुशारकी नव्हती, म्हणून तर ते तिच्या डोक्यातून जाईना. दांडा एखाद्याच्या हाताला योगायोगाने बरोबर बसत नाही.

*

गाडी जिथे जोडली होती त्या शफीकच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर पत्र्याच्या सावलीत बद्रीनाथचे थोरले भाऊ काकासाहेब लोखंडी खुर्चीवर बसले होते. वैजापूरहून सकाळच्या यष्टीने आले होते, बाजार समितीतला कांद्याचा लिलाव टाकून. पायाशी पिशवी होती, पिशवीत नारळ, झेंडूचा हार आणि अर्धा किलो पेढे. शेजारी भावजय, गोदाची आई आशाबाई, स्टुलावर बसली होती, थोरल्या दिरासमोर बसायचं म्हणून अर्धी पाठ वळवून, पदर कपाळापर्यंत ओढून.

टेम्पो थांबला. बद्रीनाथ खाली उतरला, आणि थोरल्या भावाने त्याच्या तोंडाकडे पाहून पिशवीचे बंद पुन्हा बांधले.

"नाय झाली?"

"नाही. परत बोलावलंय."

"काय खोट काढली?"

"ब्रेक."

"तुझ्या कामात ब्रेकची खोट?" काकासाहेबांना खरंच पटलं नाही. बद्रीनाथ कारखान्याच्या टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं होता. वडिलांच्या, म्हणजे पुंजाराम मिस्त्रींच्या पश्चात काकासाहेबांनी जमीन घेतली आणि बद्रीनाथने हत्यारांची पेटी. ती निजामाच्या रेल्वेची पेटी होती, आत व्हर्निअर, पंच, कानस. त्या वाटणीबद्दल दोघांनी आजवर तक्रार केली नव्हती. आणि जिची ही तीनचाकी केली ती मोटारसायकल तर काकासाहेबांची स्वतःची. चौदा वर्षं त्यांनी ती वैजापूरच्या रस्त्यांवर वापरली होती. पुतणीसाठी म्हणून मार्चमध्ये त्यांनी ती तिच्या नावावर करून दिली, सहीला क्षणभरही थांबले नाहीत. चौघांत ते हे सांगत नसत, पण चौघांना ठाऊक असावं असं त्यांना वाटे.

गाडी खाली उतरवली गेली. खरोखर सुबक होती. इंजिनामागे सांगाडा कापून तिथे नळ्यांची आयताकृती चौकट जोडली होती आणि चौकटीखाली दोन चाकांचा आस होता. आसाच्या मध्यावर भंगारातल्या रिक्षाचं डिफरन्शियल बद्रीनाथने स्वतः उघडून, दाते तपासून बसवलं होतं, म्हणजे वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं आणि आतलं कमी. पायाचे गिअर हातात आणले होते. किक काढून रिक्षासारखा ओढायचा दांडा दिला होता. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक एकदम आवळायला जोर लागतो, म्हणून त्यांना उजवीकडे एक लांब दांडा. आणि चौकटीवर चालवणाऱ्याची सीट, तिच्यामागे दुसरी सीट, दोन्हींवर मरून रंगाचं रेक्झिन. तीन महिन्यांचे सगळे रविवार या कामात गेले होते. सांगाडा कापायची लेखी परवानगी होती, ती या तीस तारखेला संपत होती. त्यानंतर गाडी ना मोटारसायकल राहणार होती, ना तीनचाकी.

आज बावीस नोव्हेंबर होता. एक डिसेंबरला गोदाला वाळूजच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. कंपनीच्या बसची पहिली पायरी जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर उंच होती. मुलाखतीत तिने सांगितलं होतं, मी माझ्या गाडीने येईन.

*

शफीकने खुर्ची पुढे केली. गोदा बसली नाही. एका हातात काठी धरून ती दुकानाच्या आतल्या भिंतीपाशी गेली. तिथे खोक्याचा एक पुठ्ठा खिळ्याला अडकवलेला होता आणि त्यावर पेन्सिलीने गाडीची सगळी मापं लिहिलेली होती. अक्षर बद्रीनाथचं. तिने वरून खाली वाचत आणलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"सीट ते ब्रेक, बासष्ट. मिस्त्री, हे बासष्ट कोणाचं?"

शफीक फडक्याने हात पुसत राहिला. हात आधीच कोरडे होते.

"साहेबांनी लिहून दिलं ते, ताई. आपण त्याच्याबाहेर एक सूत गेलो नाही."

"मी कोणी लिहिलं ते विचारलं नाही. हे कोणाच्या हाताचं माप आहे?"

"माप बरोबर आहे," बद्रीनाथ म्हणाला.

"कोणाचं, अण्णा?"

"तुझी न् त्याची उंची एकच आहे. पाच फूट दोन."

"त्याची म्हणजे रामकिसनची."

बद्रीनाथने खिळ्यावरचा पुठ्ठा सरळ केला.

"कंपनीत तुम्ही एका नगाचा जिग बनवायला दुसरा नग मोजता?" गोदाचा आवाज चढला नव्हता. वर्गात चुकीचं रीडिंग आणणाऱ्या मुलाशी बोलावं तसा होता. "उंची एकच. बरं. माझा उजवा पाय त्याच्यापेक्षा चार सेंटिमीटर आखूड आहे. मला पाठीला टेका लागतो, त्याला लागत नाही. तो पुढे वाकतो, मी वाकले तर पडते. बावीस वर्षं एका घरात राहतोय आपण. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग मला का नाही बसवलं मापाला?"

"आता भर दुकानात..." बद्रीनाथने शफीककडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "गिऱ्हाइकं येतात, पोरं असतात कामाला. टेप घेऊन तुझ्या पायाला, मांडीला... बरं दिसलं नसतं."

"आणि आज मैदानात तीनदा फजिती झाली ते बरं दिसलं."

"गोदा," काकासाहेब म्हणाले. "बापाशी बोलतीस तू."

"मोठे बाबा, मिस्त्रींच्या घरच्या सगीराभाभी माझे ब्लाउज शिवतात. छातीचं माप घेतात, काखेचं घेतात. तेव्हा कोणाला काही दिसत नाही. पायाचं माप घेतलं की दिसतं?"

काकासाहेबांनी मान दुसरीकडे वळवली. पुतणीच्या तोंडून असले शब्द त्यांनी कधी ऐकले नव्हते. त्यांना तिचा राग आला, आणि त्याहून जास्त बद्रीनाथचा, की त्याने पोरीला इतकं शिकवलं आणि बोलायचं कसं ते शिकवलं नाही.

शफीकला वाटलं आपणच मध्ये पडावं. "एवढं भांडायचं काही नाही, साहेब. इलाज आहे ना. सीट दहा-बारा सेंटिमीटर पुढं घ्यायची अन् पाठीला टेका द्यायचा. ताईचा हात बसतो."

"मग घ्या पुढे," गोदा म्हणाली.

"हौ, पण सीटखालची आडवी नळी कापून पुढं सरकवावी लागते. अन् टेक्याचे दोन खांब जिथं उभे करायचे, तिथं मागच्या सीटचे पाय आहेत. दोन्हीला जागा नाही. एक ठेवा."

"मागची सीट काढा."

समोरच्या रस्त्यावरून बर्फाच्या लाद्यांचा हातगाडा गेला, लाकडाच्या भुशाचा वास मागे ठेवून.

"मागची सीट निघायची नाय," काकासाहेब म्हणाले. "ती माझी अट हाय."

*

गोदाने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"अट? मला कोणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात. त्या वाळूजच्या रस्त्यानं दिवसरात ट्रक चालत्यात. लोखंडाच्या कॉइला घेऊन. तिथं एकट्या पोरीला सोडायचं? रामकिसन चालवील, तू मागं बस. सकाळी सोडील, सांजच्याला आणील. वाईट काय हाय?"

"आणि मधले आठ तास गाडी कोणाकडे?"

"उभी ठिवून काय गंज चढवायचा तिला?"

"म्हणजे अर्ज माझ्या नावाने. कराची माफी माझ्या पायामुळे. आणि गाडी त्याच्या मापाची." तिने भावाकडे पाहिलं. "मैदानात पळत आलास तेव्हा वाटलं, मला वाचवायला आलास."

रामकिसन टेम्पोच्या फळीला टेकून उभा होता. सकाळपासून त्याच्या कानामागे काहीतरी तापत होतं. बावीस वर्षांचा होता तो. आयटीआयचा टर्नर. दोन वर्षं गेटागेटावर प्रमाणपत्राच्या झेरॉक्सा देऊन आला होता. या रविवारांमध्ये नळ्या धरायला, कानस मारायला तोच होता, आणि डिफरन्शियलचे शिम, म्हणजे फटीतल्या पातळ चकत्या, त्यानेच घासले होते. बद्रीनाथने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"मला कोणी विचारलं?" तो म्हणाला. "मला म्हणले बस. मी बसलो. हात पुढे कर म्हणले, केला. मग महिन्यानी कळलं, नोकरी नाही तर निदान ताईला तरी सोडत जा. मी काय तुझा ड्रायव्हर व्हायला आयटीआय केलं?"

"मग तेव्हाच नाही म्हणायचंस."

"तू म्हणालीस कधी नाही? तुला दोन वर्षांपूर्वी पैठण रोडच्या कंपनीचं पत्र आलं होतं. अण्णा म्हणले बघू. तू बसलीस बघत. ते पत्र अजून भिंतीवरच्या फोटोमागे आहे. या घरात कोणी नाही म्हणतं का? सगळे बघू म्हणतात."

"रामकिसन, तोंड आवर," बद्रीनाथ म्हणाला.

"आणि मोठे बाबा, तुम्ही तरी कशाला आपल्या अंगावर घेता? अट तुमची नाही."

काकासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "तू गप."

"अट आईची आहे."

गोदाने आईकडे पाहिलं. आशाबाईचा पदर कपाळावरून तसूभर खाली आला होता.

काकासाहेब पुन्हा बसले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तिनं बद्रीकरवी निरोप धाडला व्हता," ते हळू आवाजात म्हणाले. "मी म्हणलं, बाईमाणसाचं नाव कशाला मधी. म्या म्हणलं म्हणून सांगा. माझं काय, मला दोन शिव्या जास्ती बसल्या तर बसल्या."

*

आशाबाईला वाटलं होतं की हे असंच कुठेतरी, चारचौघांत, उन्हात बाहेर येईल. मागच्या रविवारी सीटवर रेक्झिन ठोकताना शफीक म्हणाला होता, भाभी, दोघं आरामात बसतील, आणि तेव्हाच गोदाला सांगून टाकावं असं तिला वाटलं होतं. तरी तिने सीट काढा म्हटलं नव्हतं. बावीस वर्षं तिने मुलीचा परकर चार बोटं लांब शिवला होता, पुढे साडीही तेवढीच खाली नेसवली होती. लोखंड कोणाला दिसू नये म्हणून.

ती स्टुलावरून उठली आणि थेट बोलली. थोरल्या दिरासमोर, रामकिसनला मध्ये न घालता. असं तिने लग्नानंतर पहिल्यांदाच केलं.

"व्हय, मीच म्हणलं. आणि पुन्हा म्हणीन. कॉलेजच्या फाटकात पडली होती ती, शेवटच्या वर्षाला. मला शेजारच्या साळूबाईनं सांगितलं, हिनं नाही. पाऊण तास पडून होती. भोवती चाळीस पोरं उभी. एकानं हात लावला नाही. बाईमाणसाला कसा हात लावायचा म्हणून उभीच राहिली मेली. तिथं रस्त्यात गाडी बंद पडली, कलंडली, तर कोण उचलील हिला? बोला ना. संगं भाऊ असला तर तो तरी उचलील."

"कोणी उचललं तेव्हा?" गोदाने विचारलं.

"मला काय माहीत. कोणीतरी उचललं असंल."

"साळूबाईंनी तेवढं नाही सांगितलं? कोणी नाही उचललं. मी उठले." ती आईच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "कॅलिपरचं गुडघ्याचं कुलूप काढलं, बसून सरकत सायकल स्टँडपर्यंत गेले, गजाला धरून उभी राहिले, कुलूप पुन्हा लावलं. फाटकावर घड्याळ आहे, मी बघितलं. उठायला सात मिनिटं लागली."

"आणि पाऊण तास?"

"अडतीस मिनिटं मी वाट बघत होते, आई. कोणी उचलेल म्हणून. तू शिकवलं होतंस तशी."

आशाबाईला राग आला, मुलीचा, साळूबाईचा, त्या चाळीस पोरांचा, आणि मग एकाएकी तो राग कुठेच बसेना. सात मिनिटं. ती मनातल्या मनात ते पुन्हापुन्हा म्हणत होती. दुधाला उकळी यायलासुद्धा जास्त लागतात.

"एवढं मनात ठिवलंस तू," ती शेवटी म्हणाली.

"तू विचारलंस कधी?"

दुकान आणि मागचं घर यांच्यामध्ये गोणपाटाचा पडदा होता. तो बाजूला झाला. शफीकची बायको सगीरा बाहेर आली. तिच्या गळ्यात शिंप्याचा पिवळा टेप होता. अर्ध्या तासापासून तिच्या मशीनचा आवाज बंद होता, हे आता सगळ्यांच्या लक्षात आलं.

"मी घेते माप," ती म्हणाली. "आत चला, गोदाताई."

"आत नाही, भाभी. गाडी इथे आहे."

*

गोदाने काठी टेम्पोला टेकवली, हँडल धरलं आणि सीटवर सरकून बसली. कॅलिपरचं कुलूप काढायला ती वाकली तेव्हा लांब नेसलेली साडी मध्ये आली. ती ओढत राहिली. साडी निघेना.

आशाबाई पुढे झाली. ती मुलीच्या पायाशी खाली बसली आणि दोन्ही हातांनी साडीचा काठ गुडघ्यापर्यंत वर केला. चामड्याचे पट्टे, दोन लोखंडी सळ्या, पोटरीच्या जागी मनगटाएवढा पाय. नोव्हेंबरच्या उन्हात सगळं स्वच्छ दिसत होतं. शफीकने पाठ फिरवली आणि व्हाइसच्या पकडीत काहीतरी घट्ट करू लागला. काकासाहेबांनी डोळे मिटले.

"मिस्त्री, इकडे बघा," गोदा म्हणाली. "वेल्डिंग तुम्हालाच करायचंय. पाय कुठे येतो ते बघून ठेवा."

शफीक वळला. पहिल्यांदा त्याने नुसतं पाहिलं, मग कारागिरासारखं पाहिलं. "पायाची फळी खाली घ्यावी लागंल," तो म्हणाला. "अन् कडेला पट्टी. नाहीतर बूट घसरंल."

"टेका नाही अजून," गोदा म्हणाली. "रामकिसन, माझ्यामागे उभा राहा. टेक्याच्या जागी."

रामकिसनने पँटला हात पुसले. मग आला आणि दोन्ही तळवे तिच्या पाठीला लावून उभा राहिला. तिने पाठ टेकवली, त्याच्यावर सगळं वजन टाकलं आणि उजवा हात पुढे केला.

सगीराने टेपचं एक टोक आशाबाईच्या हातात दिलं. "भाभी, सीटच्या ह्या कडेला धरा. हलवू नका."

"सेंटिमीटरची बाजू," गोदा म्हणाली.

"हौ, मालूम है." सगीराने टेप ताणला, आकडा वाचायला खाली वाकली. "पन्नास. आणि अर्धा."

बद्रीनाथचा हात आपोआप कानावरच्या पेन्सिलीकडे गेला. आकडा उच्चारला गेला की लिहायचा, ही सत्तावीस वर्षांची सवय. त्याने भिंतीवरचा पुठ्ठा काढून आणला आणि बासष्टच्या खाली पन्नास पूर्णांक पाच लिहिलं. मग खाली रेघ ओढून वजाबाकी केली, खरं तर त्याची गरज नव्हती.

अकरा पूर्णांक पाच.

त्याला वडिलांची आठवण आली, आणि ती त्याला नको होती. पुंजाराम मिस्त्री पेटी उघडताना एकच वाक्य बोलायचे, आधी माप मग माल. पोलीस ॲक्शननंतर रेल्वेत नवे साहेब आले, रजाकारांच्या वेळचे जुने निघून गेले, कागदांची भाषा बदलली, पण म्हाताऱ्याचं वाक्य बदललं नाही. बद्रीनाथने ते टूलरूममध्ये शेकडो पोरांना ऐकवलं होतं. शतांश मिलिमीटरसाठी त्याने नग परत पाठवले होते, लोकांची बढती अडवली होती. आणि स्वतःच्या लेकीच्या मापात साडेअकरा सेंटिमीटर चुकला होता. चुकला नव्हता. त्याला ठाऊक होतं, म्हणून तर त्याने पुठ्ठ्यावर नाव लिहिलं नव्हतं. बाकी सगळ्या कामांत तो मापाशेजारी नगाचा नंबर लिहीत असे.

"मोजलं ते ठीक झालं," काकासाहेब म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. "पर बद्री, इचार करून बोल. गाडी तिच्या नावावर आसंल, शब्द माझ्याशी झालाय तुझा. सीट काढली तर उद्या काय झालं त्याला मी जबाबदार नाय. मी पुन्हा या दारात यायचा नाय."

"दादा, तुम्ही बसा."

"बसून काय करू? सांग एकदा तोंडानं."

"अण्णा," गोदा म्हणाली. ती अजून गाडीवरच बसली होती. पाठ भावाच्या हातांवर, हात लाल मुठीच्या दिशेने लांब. "आठ दिवस आहेत. रंग वाळायला दोन. पुन्हा बघू म्हणालात तर मी हा कागद इथेच फाडते आणि रिक्षा ठरवते. सगळा पगार रिक्षाला गेला तरी जाईन. ही गाडी मग तुम्ही दुकानात ठेवा. लोक म्हणतील, काम फार सुबक आहे."

शफीकने खडू घेतला होता. त्याने आडव्या नळीवर दोन पांढऱ्या खुणा केल्या, पन्नास पूर्णांक पाचच्या हिशोबाने, आणि मागच्या सीटच्या पायांवर दोन फुल्या. मग कापायच्या यंत्राची वायर भिंतीच्या प्लगात घातली आणि बटणावर हात ठेवून तो थांबला. साहेबांच्या तोंडून निघाल्याशिवाय त्याने आजवर त्यांच्या कामाला पातं लावलेलं नव्हतं.

बद्रीनाथने आडव्या नळीच्या जोडावर बोट फिरवलं. हा त्याने स्वतः बसून करून घेतला होता. एका रविवारी चार तास, दोनदा घासून, तिसऱ्यांदा भरून. नळीच्या कडेला शिवणीसारखी एकसारखी रेघ होती. अशी रेघ आता त्याच्या हातून फार वेळा व्हायची नव्हती. त्याच्या तोंडात तोच जुना शब्द आला होता. त्याने तो गिळला.

त्याने पुठ्ठ्यावर बासष्टवर काट मारली. पन्नास पूर्णांक पाचच्या शेजारी लिहिलं, गोदावरी. मग थोरल्या भावाकडे पाहत, पण शफीकला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो म्हणाला,

"मागची सीट काढ. नळी खुणेवर काप. गाडी गोदा चालवील, एकटी."